आसण्याचा पेला

(दृश्य: म्हापशाचा बाजार)

शुक्रवार. मयड्याची केळी आणि अळसांद्यांच्या राशी मागे टाकल्या की चादरीवर मांडलेले हे पेले दिसतात. मधुमेहावरचा उपाय म्हणून विकतात. लाकूड आसण्याचं; आयुर्वेदात त्यालाच विजयसार म्हणतात. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं, उजेडात धरलं की निळसर झाक मारतं. औषध उतरलेलं डोळ्यांना दिसतं, म्हणूनच तर पेला खपतो.

गिऱ्हाइकांना तोटा नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत मधुमेहाचं देशातलं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं: 26.4 टक्के. देशाचा आकडा 11.4.

(दृश्य: डिचोलीतलं घर)

“महिन्यात साखर उतरली हो,” काकी सांगतात. खरंच उतरली, रिपोर्ट समोर आहे. पण त्याच महिन्यात चवथीचे लाडू संपले, संध्याकाळचा उंडो (गोव्याचा गोल पाव) सुटला, काकी देवळापर्यंत चालू लागल्या. डॉक्टरांची गोळी होतीच. मग श्रेय कुणाचं?

हे सोडवायला दोन गट लागतात, चिठ्ठ्या टाकून पाडलेले. एकाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी पोकळ कॅप्सूल. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नको, तपासणाऱ्यालाही नको. आणि निदान तीन महिने धीर हवा. एचबीए1सी ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि त्या पेशी जगतात सुमारे 120 दिवस.

विजयसार तपासला गेलाय. 1998 साली आयसीएमआरच्या अभ्यासात, नव्याने मधुमेह निघालेल्या 97 जणांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. झटकून टाकावा असा आकडा नाही. मात्र तेव्हा तुलनेला दुसरा गट नव्हता; ती तुलना पुढे झाली, टॉल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी. शिवाय दिला होता तो मोजलेला अर्क, दिवसाला 2 ते 4 ग्रॅम. पेल्यातून किती उतरतो?

“रंग येईना झाला की नवा न्या,” विक्रेता सांगतो. म्हणजे पहिल्या दिवसाचा डोस आणि तिसाव्या दिवसाचा एक नव्हे, हे त्यालाही ठाऊक आहे.

मधुमेहावरच्या पुड्यांचं तर विचारूच नका. ‘शुद्ध वनस्पती’ असं छापलेल्या काही पुड्यांत प्रयोगशाळांना ग्लिबेनक्लामाइड सापडलंय, साखर उतरवणारं चक्क ॲलोपॅथीचं औषध. आधीच्या गोळीवर ते पडलं की दरदरून घाम, थरथर, भोवळ.

काकींना विचारलं, डॉक्टरांना पेल्याचं सांगितलंत?

“त्यात काय सांगायचं? पाणीच ते.”