काठी कोणत्या हातात धरावी? जैवयांत्रिकीची ओळख

सकाळी बागेत काठी टेकत चालणाऱ्या आजोबांकडे जरा लक्ष देऊन पाहा. त्यांचा उजवा खुबा दुखत असतो आणि काठीही उजव्याच हातात असते. दुखऱ्या बाजूला आधार द्यावा हे मनाला पटते खरे, पण ते चूक आहे. खुबा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. असे का, याचे उत्तर केवळ शरीररचनेचे ज्ञान असून देता येत नाही आणि केवळ यंत्रशास्त्र येत असूनही देता येत नाही. ही दोन्ही शास्त्रे जिथे एकत्र येतात त्या विषयाला बायोमेकॅनिक्स किंवा जैवयांत्रिकी म्हणतात. सजीवांच्या शरीरावर आणि शरीराच्या आत कोणती बले काम करतात, त्यांतून हालचाल कशी घडते आणि हाडे, स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), रक्तवाहिन्या ती बले कशी सोसतात, हे मोजून सांगणे हे या शास्त्राचे काम आहे.

कुतूहल अर्थातच जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या हालचालींवर लिहिले, आणि दुसऱ्या शतकात पेर्गामम येथे ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार करणाऱ्या गॅलेनने स्नायू परस्परविरोधी जोड्यांनी काम करतात हे ओळखले. पण स्नायू नेमका किती जोर लावतो, या प्रश्नाला गणिताने भिडण्यासाठी सतरावे शतक उजाडावे लागले.

1638 साली गॅलिलिओने दोन हाडांची आकृती छापली. एक नेहमीचे, सडपातळ. दुसरे त्याच्या तिप्पट लांबीचे, पण बेढब वाटावे इतके जाड. प्राण्याची प्रत्येक मिती दुप्पट केली तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढते, म्हणजे हाडावरचा ताण दुप्पट होतो. म्हणूनच हरणाचे पाय नुसते मोठे करून हत्तीचे पाय तयार होत नाहीत. हत्तीचे हाड प्रमाणाबाहेर जाड असावे लागते. गोष्टींमधले डोंगराएवढे राक्षस पहिल्याच पावलाला मोडून पडले असते, हे या एका आकृतीवरून सिद्ध होते.

मात्र ज्याला या विषयाचा जनक म्हणण्याची पद्धत आहे तो माणूस म्हणजे जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली. 1608 साली नेपल्समध्ये जन्मलेला हा गणितज्ञ गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याच्या हाताखाली शिकला, मेस्सिना आणि पिसा येथे त्याने गणित शिकवले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्याने रोममध्ये गरिबीत काढली. तिथे राज्यत्याग करून आलेली स्वीडनची राणी क्रिस्टिना हिचा त्याला आधार होता. 1679 च्या अखेरच्या दिवशी तो वारला, आणि प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ त्यानंतर, 1680 आणि 1681 मध्ये, दोन भागांत प्रसिद्ध झाला.

बोरेल्लीने काय पाहिले, हे समजण्यासाठी पाण्याची छोटी बादली पुरेशी आहे. कोपर काटकोनात वाकवून आपण 5 किलोची बादली हातात धरली आहे असे समजू. कोपर हा टेकू, हाताचा पुढचा भाग ही तरफ. बादली टेकूपासून सुमारे 35 सेंटिमीटरवर आहे. दंडाचा स्नायू मात्र कोपरापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला आहे. म्हणजे बादली तोलण्यासाठी त्या स्नायूला 5 नव्हे, 35 किलोच्या वजनाइतका जोर लावावा लागतो; हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. शिवाय स्नायू वर ओढतो 35 आणि बादली खाली ओढते 5, तेव्हा उरलेला 30 किलोचा दाब कोपराच्या सांध्यावर पडतो. (काटेकोरपणे बल न्यूटनमध्ये सांगायला हवे, पण समजायला सोपे जावे म्हणून इथे किलोच वापरत आहोत.)

बोरेल्लीच्या आधी सर्वसाधारण समज असा होता की यंत्राप्रमाणे शरीरातही थोड्या जोरात मोठी वजने उचलण्याची सोय केलेली असणार. पहारीने धोंडा हलवणाऱ्या माणसाला तसेच वाटणार. बोरेल्लीने दाखवले की शरीरात बहुतेक ठिकाणी नेमके उलटे आहे: स्नायू तरफेच्या तोट्याच्या टोकाला बसलेला असतो आणि बाहेर दिसणाऱ्या वजनाच्या कितीतरी पट जोर आत लावत असतो. हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो, पण त्याच्या बदल्यात मिळते ती गती. दंडाचा स्नायू 1 सेंटिमीटर आखडला की हात 7 सेंटिमीटर उचलला जातो. दगड भिरकावणारा, चेंडू फेकणारा, धावणारा प्राणी घडवायचा असेल तर हाच सौदा योग्य ठरतो. याच हिशेबाने माणूस स्वतःच्या स्नायूंच्या बळावर पंख हलवून उडू शकणार नाही, असेही बोरेल्लीने सांगून टाकले होते.

आता आजोबांच्या खुब्याकडे वळू. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. समजा वजन 60 किलो आहे. टेकलेला पाय वगळला तर सुमारे 50 किलो वजन त्या एका खुब्यावर तोलायचे असते, आणि त्या वजनाचा मध्य खुब्यापासून आतल्या बाजूला साधारण 10 सेंटिमीटरवर असतो. कटीचा सांगाडा त्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू त्याला खाली खेचून धरतात; पण त्यांचे अंतर पुन्हा 5 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे निम्मे. त्यामुळे त्यांना 100 किलोचा जोर लावावा लागतो आणि सांध्यावर एकूण 150 किलोचा दाब येतो. वजनाच्या अडीचपट, आणि तोही नुसते शांतपणे एका पायावर उभे राहिल्यावर.

आता काठी विरुद्ध हातात द्या. ती खुब्यापासून सुमारे 50 सेंटिमीटर दूर टेकते. इतक्या लांबच्या टोकाला काठीवर फक्त 5 किलोचा भार दिला, तरी वजनामुळे कटीला बसणारा कल निम्मा होतो. स्नायूंचा जोर 100 वरून 50 वर येतो आणि सांध्यावरचा दाब 150 वरून 95 किलोवर उतरतो. काठी दुखऱ्या बाजूलाच धरली तर लांब तरफेचा हा लाभ मिळतच नाही. येथील अंतरे व्यक्तीगणिक थोडी बदलतील, पण हिशेबाचा रोख बदलत नाही. जर्मन अस्थिशल्यविशारद फ्रीडरिश पाउवेल्स यांनी 1930 च्या दशकात खुब्यावरील बलांचे असे विश्लेषण केले, आणि 1956 साली अमेरिकेतील वॉल्टर ब्लाउंट यांनी, बरे वाटू लागताच लाजून काठी टाकून देऊ नका, असे आपल्या व्यवसायबंधूंच्या मार्फत रुग्णांना कळकळीने सांगितले.

खुबा पूर्णच झिजला तर तो बदलावा लागतो. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुबा घडवला. आधी वापरलेले टेफ्लॉन काही वर्षांतच झिजले, आणि 1962 च्या अखेरीस त्यांनी सांध्यासाठी पॉलिथिलीन या प्लॅस्टिकची वाटी वापरायला सुरुवात केली. वाटीत फिरणाऱ्या चेंडूचा आकार त्यांनी मुद्दाम लहान, सुमारे 22 मिलिमीटर व्यासाचा ठेवला, म्हणजे घर्षण वाटीला फिरवून सैल करणार नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की त्यांनी वाटी थोडी आतल्या बाजूला बसवली आणि बाहेरच्या स्नायूंचे हाड थोडे बाहेर सरकवून जोडले. नैसर्गिक तरफेचे माप बदलण्याचाच तो प्रयत्न होता, आणि बोरेल्लीला तो पाहताक्षणी कळला असता.

हाडे मात्र नुसते दाब सोसणारे खांब नाहीत. 1866 साली झुरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ हेरमान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा छेद दाखवला, तेव्हा तिथे असलेले अभियंते कार्ल कुल्मान यांना त्यातली जाळीदार रचना ओळखीची वाटली: यारीच्या (क्रेनच्या) वाकड्या बाहूत ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, त्यांच्याशी ती जुळत होती. भार बदलला की हाड आपली घडण बदलते, हा नियम युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडला. आज अंतराळस्थानकात राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा 1 टक्क्याहून थोडी अधिक घटते, आणि त्यांचा बराच वेळ व्यायामात जातो तो यासाठीच.

उभ्या शरीराचा हिशेब झाला, पण हलणारे शरीर डोळ्यांना पकडता येत नाही. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोडीच्या वाटेवर ओळीने 12 कॅमेरे लावले आणि चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात, तेही पाय पसरलेले असताना नव्हे तर पोटाखाली गोळा झालेले असताना, हे दाखवून दिले. 1882 मध्ये फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी सेकंदाला 12 छबी टिपणारी बंदूक बनवली. पुढे 1891 मध्ये लाइपझिगला ब्राउने आणि फिशर यांनी चालणाऱ्या माणसाच्या अंगावर प्रकाशनळ्या बांधून अंधारात त्याची पावले टिपली. छायाचित्रणाला फार वेळ लागला नाही. पण ब्राउने पुढच्याच वर्षी वारले आणि फिशर त्या नोंदींचे गणित 1904 पर्यंत प्रसिद्ध करत राहिले.

तेच काम आता इन्फ्रारेड कॅमेरे आणि अंगावर चिकटवलेले चमकते ठिपके करतात. क्रिकेटच्या चाहत्यांनी ते नक्की पाहिले असेल. गोलंदाजाचा हात सरळ असावा ही अपेक्षा जुनी, पण मोजणी सुरू झाल्यावर कळले की चेंडू सोडताना जवळजवळ प्रत्येकाचे कोपर थोडेफार सरळ होतेच. म्हणून 2005 मध्ये 15 अंशांची मर्यादा ठरली आणि संशयित गोलंदाजांची चाचणी प्रयोगशाळेत होऊ लागली. चेन्नईतील श्री रामचंद्र संस्थेला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यासाठी मान्यता दिली. पंचांच्या नजरेवर इतकी वर्षे किती वाद झाले, हे आठवले की हसू येते.

तरफेचा हाच हिशेब ओझे वाहणाऱ्यांनाही लागू पडतो. 20 किलोचे पोते कमरेत वाकून, कण्यापासून 40 सेंटिमीटर दूर धरून उचलले, तर कण्यापासून 5 सेंटिमीटरच्या आसपास असलेल्या पाठीच्या स्नायूंना केवळ त्या पोत्यासाठी सुमारे 160 किलोचा जोर लावावा लागतो आणि तो सारा कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर दाबला जातो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. पोते पोटाशी घेतले की हे अंतर बरेच कमी होते. ओझे डोक्यावर घेतले तर ते कण्याच्या जवळजवळ सरळ वर येते. केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांच्या 1980 आणि 1990 च्या दशकांतील अभ्यासात असे दिसले की शरीराच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचे ओझे त्या (लुओ स्त्रिया डोक्यावरून, तर किकुयू स्त्रिया कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवरून) जवळपास जादा ऊर्जा न खर्चता नेतात, कारण झोक्यासारख्या त्यांच्या चालीत ऊर्जेची बचत अधिक चांगली होते. मैलभरावरून हंडे आणणाऱ्या बायकांना त्रास होत नाही, असा अर्थ मात्र कुणी यातून काढू नये. मानेच्या मणक्यांचा हिशेब निराळा आहे.

भारतात या शास्त्राने घडवलेली सर्वांत परिचित वस्तू म्हणजे जयपूर फूट. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो तयार केला; 1981 मध्ये सेठींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी मिळणाऱ्या पाश्चात्त्य कृत्रिम पावलात लाकडाचा ताठ, लांब गाभा असे. बूट घालून सपाट फरशीवर चालण्यासाठी ते पाऊल उत्तम होते, पण घोटा वाकत नसल्याने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालणे अवघड जाई आणि अनवाणी चिखलात तर ते निरुपयोगीच होते. जयपूरच्या पावलात तो लांब गाभा काढून टाकला. घोट्यापाशी लाकडाचा छोटा ठोकळा, टाचेत आणि पुढच्या भागात स्पंजरबर, आणि बाहेरून टायरच्या दोऱ्याने बळकट केलेले, बोटांसकट खऱ्या पावलासारखे दिसणारे रबराचे कवच असे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे ते पाऊल वर-खाली वाकते, थोडे आत-बाहेर कलते आणि किंचित पिळलेही जाते. बांधावरची उंचसखल माती त्याच्याखाली आली तर पाऊल मातीप्रमाणे वळते आणि ते वळण वर कृत्रिम पायाच्या खोबणीपर्यंत, जिथे उरलेल्या पायाची कातडी घासली जाते तिथपर्यंत, पोचत नाही.