वावळ ओळखायचा कसा, लावायचा कसा

कॅमेरा जरा खाली घेऊया. गटारीच्या कडेला हे वाळके पापुद्रे साठलेत बघा, रुपयाएवढे गोल, मधे चपटं बी आणि भोवतीनं कागदासारखा पातळ पंख. एप्रिल-मे आला की आमच्या बेळगावात जुन्या रस्त्यांवर हे झाडून झाडून लोकांचा जीव जातो, खरं झाड कुठलं म्हणून विचारलं तर कोण करंज म्हणतंय, कोण नुसतंच वर बघतंय. पानपट्टीवाल्या अण्णांनी तेवढं बरोबर सांगितलं, कन्नडमधनं, "तपसी मरा री."

मरा म्हणजे कन्नडमध्ये झाड, आणि तपसी म्हणजेच आपला वावळ. परदेशी सिनेमात दिसतात त्या एल्मचा भाऊबंद, म्हणून इंग्रजीत इंडियन एल्म. शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया, त्यातलं प्टेलिया म्हणजे ग्रीकमध्ये एल्म आणि इंटिग्रिफोलिया म्हणजे पानाची कड सलग, दाते नाहीत. ओळखायची खूण नावातच आहे की! करंजाला एका देठावर पाच-सात पानं असतात, वावळाचं एकेकच. तरी शंका असली तर पान चुरगळून वास घ्या, घाण येतोय ना, मग वावळच. (हात धुवा नंतर.)

जानेवारी-फेब्रुवारीत झाड निष्पर्ण असतं तेव्हाच बारीक फुलं येतात, मग पोपटी फळांचे झुपकेच्या झुपके, लांबनं पालवीच वाटते. परागाची ॲलर्जी होते बऱ्याच जणांना, त्यामुळं दम्याचा माणूस घरात असेल तर खिडकीसमोर लावू नका, रस्त्याकडेला लावा. कमी पावसातपण तग धरतंय, अथणी-चिकोडीकडं तर लावाच.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी बिया डब्यात भरून ठेवल्या, म्हटलं मृगाला पेरू, आणि उगवल्या किती तर हातावर मोजण्याइतक्या. ह्या बिया टिकत नाहीत ओ, गोळा केल्या की लगेच टाकायच्या. पंख काढायची गरज नाही, वाफ्यात आडव्या पसरायच्या आणि वरनं बोटाच्या पेरापेक्षा कमी माती, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात सगळं शेजारच्यांच्या अंगणात. झारीनं पाणी, आठ-पंधरा दिवसात कोंब.

आणि हे रोप बघा, पानाला चक्क दाते आहेत! मी दुसरंच काहीतरी उगवलं म्हणून उपटायलाच निघालो होतो, खरं वावळाच्या लहान रोपाला असेच असतात, मोठं झालं की जातात.