थ्री फेजची लेथ, सिंगल फेजची शेड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी लेथ विकायला निघाली, की सोबत तिची थ्री फेज मोटरही येते. घेणाऱ्याच्या शेडमध्ये मात्र २३० व्होल्टचं सिंगल फेज कनेक्शन. मग धडधाकट मोटर भंगारात जाते. याची फार हळहळ वाटते, कारण बहुतेकदा ती भंगारात काढायची काही गरज नसते.

थ्री फेजमध्ये तीन प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, त्यामुळे मोटरच्या आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. सिंगल फेजवर ते नुसतं मागेपुढे होतं. मोटर घुमते, तापते, पण जागची हलत नाही.

शेतातल्या पंपांवर यासाठी कपॅसिटर जोडलेले तुम्ही पाहिले असतील. मोटर सुरू होते खरी, पण कपॅसिटर एका ठरावीक लोडलाच जुळतो. पंपाचा लोड फारसा हलत नाही. लेथचा मात्र घडोघडी बदलतो: आत्ता जाड काप, लगेच नुसतं रिकामं फिरणं.

म्हणून लेथला व्हीएफडी, म्हणजेच ड्राइव्ह. तो आधी एसीचं डीसी करतो आणि त्यातून तीन फेज घडवतो. पण साधा सिंगल फेज ड्राइव्ह २३० व्होल्टच देणार, थ्री फेज मोटरला लागणारे ४१५ नाही. इथेच अनेकांचं काम अडतं.

आता मोटरची टर्मिनल पेटी उघडू. सहा खिळे, त्यांवर पितळी पट्ट्या. तीन खिळे एका ओळीत जोडलेले, म्हणजे स्टार. नेमप्लेटवर '४१५ व्होल्ट, स्टार' असेल, तर पट्ट्या काढून उभ्या जोड्यांत बसवायच्या. झाली डेल्टा. हीच मोटर आता २३० व्होल्टवर पूर्ण ताकद देते. प्रवाह मात्र १.७३ पट लागतो, ड्राइव्ह त्या हिशेबानेच घ्यायचा. पेटीत तीनच तारा असतील, तर वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टारचा जोड सोडवून घ्यावा लागतो. आणि ४१५ व्होल्टलाच डेल्टा असलेल्या मोठ्या मोटरला ही युक्ती लागू नाही.

लेथचा जुना उलट-सुलट स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका. चालत्या मोटरची जोडणी त्या स्विचने मध्येच तोडली तर ड्राइव्ह जळू शकतो. स्विचच्या तारा ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला न्या. चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग, आट्यांवर बसणारा असेल, तर ब्रेक हळू लागेल असा ठेवा, नाहीतर चक सुटून अंगावर येतो. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या पोटात काही मिनिटं जीवघेणा डीसी असतो. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्या, मीटरने तपासा, मगच झाकण उघडा.