फोन लागला की माऊस का गोठतो?

फोनच्या तारेवरून संगणकाला नेट जोडून देणारा तो मोडेम, त्याची ती किरकिर प्रत्यक्ष कानांनी ऐकलेले किती जण आहेत? हात वर करा. अरे वा, बरेच आहात की!

व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर त्याचे पडसाद उमटायला दोन-तीन वर्षं गेली. तक्रार ठरलेली: 'लाईन खराब आहे.' मग लाईनमन यायचा, डबी उघडून तारा घट्ट करून जायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष खांबावर नसून मोडेम आणि मदरबोर्डच्या मधल्या वीतभर अंतरात असायचा, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

म्हणून मी आधी फोनची तारच काढून ठेवायचो. मोडेमशी थेट बोलायचा विंडोजमधला प्रोग्राम, हायपरटर्मिनल, उघडायचा, मोडेम ज्यावर जोडलाय तो पोर्ट निवडायचा, 'एटी' ही मोडेमला हाक मारायची आज्ञा टाइप करून एंटर दाबायचं. 'ओके' आलं, तर संगणकाचं आणि मोडेमचं बोलणं चालू आहे. आता खुशाल लाईनमनला बोलवा. काहीच उमटलं नाही, तर त्या बिचाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

एका कर सल्लागारांचा फोन आला होता. म्हणाले, "अहो, नेट लागलं की आमचा उंदीर मरतो." मी हसलो, पण तक्रार अगदी नेमकी होती. माऊस, मोडेम जोडायच्या पोर्टना कॉम १ ते ४ अशी नावं असायची. यांचा माऊस कॉम १ वर, आतल्या कार्डाचा मोडेम कॉम ३ वर. दोघांचे पत्ते वेगळे, ३एफ८ आणि ३ई८. पण प्रोसेसरला हाक मारायची तार, म्हणजे आयआरक्यू, दोघांची एकच: ४ नंबरची. दोन बिऱ्हाडांत एकच बेल असावी तसं. मोडेम गप्प असेपर्यंत माऊसचं छान चालतं. फोन लागला की दार कुणी वाजवलं तेच कळत नाही. कॉम २ आणि ४ यांचंही तेच, फक्त तिथं नंबर ३.

खोका उघडला. मोडेमच्या कार्डावर तांदळाएवढ्या काळ्या टोप्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन मदरबोर्डचा कॉम २ बंद केला, चिमट्यानं टोप्या हलवून मोडेम कॉम २ आणि आयआरक्यू ३ वर नेला. एक टोपी सुटून गालिच्यावर पडली. ती शोधण्यात दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला. मग विंडोजमधून जुना मोडेम काढून नव्यानं ओळखायला लावला. फोन लागला, उंदीर पळत राहिला.

दुसरा आजार जास्त छुपा. ई-मेल येते, पण मोठी फाइल उतरवताना सगळं रखडतं. पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला, तर एका अक्षराला दहा बिट धरून सेकंदाला ११,५२० अक्षरं येतात, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. पोर्ट सांभाळणाऱ्या जुन्या १६४५० चिपमध्ये आलेलं अक्षर ठेवायला जागा एकाचीच. प्रोसेसर तेवढ्यात हार्डडिस्कमध्ये गुंतला, की पुढचं अक्षर आधीच्याच्या डोक्यावर बसतं आणि आधीचं गेलं. नंतरच्या १६५५० चिपमध्ये सोळा अक्षरं मावतात, त्यामुळे प्रोसेसरला उसंत मिळते.

आपल्याकडे कोणती चिप आहे, ते तेव्हाच्या विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या मोडेमच्या डायग्नोस्टिक्समध्ये दिसायचं. १६४५० असेल तर पोर्टचा वेग १९,२०० वर आणायचा. मोडेमचा वेग त्याहून जास्त असेल तर वेगाचं नुकसान व्हायचं, पण फाइल तरी पुरी उतरायची. १६५५० असून रखडत असेल, तर फिफो बफरची, म्हणजे ती सोळा अक्षरांची जागा वापरायची, खूण सेटिंगमधून कुणी काढून टाकलीय का, ते आधी बघायचं. आणि मोडेम बाहेरचा असेल, तर केबल बदलून पाहायचीच. स्वस्त केबलमध्ये संगणकाकडच्या नऊ पिनांपैकी ७ आणि ८ नंबरच्या पिना जोडलेल्याच नसत. 'थांब' सांगणारी तारच नाही, मग मोडेमनं थांबायचं कसं?