वारा, पाणी आणि काठवट

(सोलापुरातल्या एका महिला मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं आटोपशीर करून.)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये मी 'भिंतीतली ओल' या विषयावर बोललो, तेव्हा तिसऱ्या रांगेच्या मागं नुसत्या खुर्च्या होत्या. आज फेंगशुई म्हटल्यावर माणसं दारात उभी आहेत. तक्रार नाही. ओलीनं घरात पैसा येत नाही, हे मलाही कळतं.

पण आधीच सांगून ठेवतो, मी घरांचे नकाशे काढणारा माणूस. शेगडी फिरवल्यावर मुलाचं लग्न जमेल का, हे मला विचारू नका. शेगडी तिथं का असावी, एवढंच सांगता येईल.

फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. ही घर-जागा मांडायची चिनी विद्या, पण आधी जिवंतांच्या घरापेक्षा मेलेल्यांच्या जागेची. वाडवडिलांना कुठं पुरलं तर कुळाचं भलं होईल, हा तिचा जुना प्रश्न. प्राणशक्तीला ते 'ची' म्हणतात. ती वाऱ्यानं उधळते आणि पाण्यापाशी थांबते, असं त्यांचे जुने लोक सांगून गेले. म्हणून पाठीशी डोंगर, पुढं पाणी आणि घराचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात उत्तरेकडून हाडं गोठवणारा वारा येतो, त्या देशात हे शहाणपणच. आपल्याकडं मात्र फेंगशुई आली ती दुकानातून. किणकिणणाऱ्या नळ्या, तीन पायांचा बेडूक आणि तो पोट सुटलेला हसरा बुद्ध. तो गौतम बुद्ध नव्हेच, बुदाई नावाचा चिनी भिक्षू. नळ्या मीही चार घरांत टांगल्यात, कबूल करतो.

सोलापूर आणि चीन म्हटलं की आपल्याला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले, १९४२ मध्ये तिकडंच वारले. त्यांनी जिथं काम केलं त्या उत्तर चीनमधल्या खेड्यांत घरात 'कांग' असतो. विटामातीचा मोठा चौथरा, त्यावर सगळं घर झोपतं, आणि स्वयंपाकाच्या चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढलेला असतो. चूल जेवण शिजवते आणि अंथरूणही ऊबदार ठेवते. आता मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेल्यावर सोलापुरात कुणाला चुलीच्या धुरावर झोपायचंय? तिथला नियम आणायचा तर त्याचं कारणही तपासून आणावं लागतं.

दिशेचंच बघा. आपल्या वास्तुशास्त्रात स्वयंपाकघर आग्नेयेला, नाहीच जमलं तर वायव्येला चालतं म्हणतात. फेंगशुईत अग्नी दक्षिणेचा, आग्नेय दिशा लाकडाची. आणि वायव्य आकाशाची, तिथं चूल नकोच. 'स्वर्गाच्या दारात आग' असं त्या दोषाला म्हणतात. एका घरानं दोन सल्लागार बोलावले, एक इकडच्या शास्त्राचा, एक तिकडच्या. ग्रॅनाइटचा ओटा दोनदा फुटला. मी गेलो तेव्हा त्या घरच्या बाई बाल्कनीत स्टोव्ह मांडून बसल्या होत्या. मी वाऱ्याचं पाहिलं. आपल्याकडं पावसाळाभर वारा पश्चिमेकडून येतो. आग्नेयेच्या चुलीचा धूर तो बाहेर नेतो, वायव्येचा घरभर करतो. मला आग्नेय पटते ती एवढ्यासाठी.

शेगडी खिडकीखाली नको, असं फेंगशुई सांगते. कारण देतात की पाठीशी भक्कम आधार हवा. आधाराचं राहू द्या, उन्हाळ्यात दुपारी खिडकीतून झोत आला की बारीक केलेली आच विझते, गॅस चालूच राहतो. आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीशी साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. म्हणून भिंतीत खाली, फरशीलगत एक जाळी ठेवा. ही जाळी कुठल्या चिनी पुस्तकात नाही, पण वारा म्हणजे हाच.

दुसरा नियम, रांधणारीची पाठ दाराकडं नको. नसेलच जमत तर शेगडीमागं आरसा लावा, म्हणजे मागून येणारा दिसतो. आरसा आपल्याकडं चार फोडण्यांत आंधळा होतो, तेव्हा चकचकीत स्टीलचा पत्रा बरा. पण नियम खरा आहे. भाकरी थापताना त्या थपथपाटात मागं कोण आलं हे कळत नाही. हातात तापलेला तवा, आणि मागून नातू येऊन कमरेला मिठी मारतो. घाबरायला भूत कशाला लागतं?

आता मला सगळ्यांत आवडणारा नियम. पाणी आणि अग्नी शेजारी नकोत, समोरासमोरही नकोत. चिनी लोकांची तत्त्वं पाच: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. पाणी अग्नीला मारतं. पण पाणी लाकूड वाढवतं, आणि लाकूड अग्नीला खाऊ घालतं. म्हणून दोघांच्या मध्ये लाकूड ठेवलं की भांडण मिटतं. आपल्या फ्लॅटमधला ओटा बघा, सिंकपासून वीतभरावर शेगडी. तापल्या तेलात शिंतोडा उडाला की काय होतं, ते इथल्या प्रत्येकीच्या मनगटावर लिहिलेलं आहे. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. मग पिंप, घागरी, बादल्या सगळं ओट्याखाली, सिलिंडरला खेटून.

माझी आजी मंगळवेढ्याकडची. भाकरीला बसली की डाव्या हाताला पाण्याचा तांब्या, मध्ये पीठ मळायची लाकडी काठवट, उजवीकडं चूल. पाणी, लाकूड, अग्नी. तिनं चीनचं नाव ऐकलं होतं का, शंका आहे. पण पीठ मळताना पाणी सांडलं तर ते काठवटीत सांडायचं, चुलीत नाही. आणि 'शेगडीचे सगळे बर्नर आलटूनपालटून वापरा' असं आता पुस्तकं सांगतात, ते तिला चुलीचा वैल, म्हणजे चुलीचं जोडतोंड, सांगायचा. पुढं भाकरी, वैलावर आमटी, दोन्ही तोंडं कामाला.

तिकडं चुलीला देवही आहे, झाओ जुन. त्याचं चित्र चुलीवर असतं. चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्यात तेविसाव्या दिवशी तो वर जाऊन घराची चहाडी करतो म्हणे, म्हणून जाण्याआधी त्याच्या ओठांना मध नाहीतर चिकट गोड लावतात. गोडच बोलावा, नाहीतर तोंडच उघडू नये. आपली संक्रांत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा होऊन सहसा थोडे दिवस झालेले असतात तेव्हा. तिळगूळ आपण माणसांना देतो, ते देवाला लाच देतात. कोण जास्त व्यवहारी, तुम्ही ठरवा.

मागं हात वर आहे. बोला आजी.

'काठवट आमच्याकडं अजून आहे हो. पण तिच्यात कांदे ठेवलेत.'

कांदे टोपलीत काढा, आजी. काठवट धुऊन, उन्हात वाळवून सिंक आणि शेगडीच्या मध्ये ठेवा. आणि टोपली सिलिंडरजवळ ठेवू नका.