फोन उचलणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो. आधी एक नंबर, मग बाकीचं. 14416. एक, चार, चार, एक, सहा. हा टेलिमानसचा, म्हणजे मन खचलं, जीव नकोसा झाला तर बोलायच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत आणि रात्री तीन वाजताही चालू असतो. फोन लागला की आधी भाषा निवडायला सांगतात. मराठी, हिंदी आहेच, तेलुगू आणि कन्नडही आहे. आपल्या सोलापुरात हे महत्त्वाचं. कारखान्यात मराठी बोलणारा माणूस रडतो मात्र घरच्या भाषेत.

हा प्रकार सुरू कसा झाला, ते ऐका. साल 1935. इंग्लंडमधल्या लिंकन गावात चॅड व्हारा नावाच्या तरुण पाद्र्याच्या वाट्याला पहिलाच अंत्यविधी आला, तो 14 वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती आणि आपल्याला गुप्तरोग जडला, असा तिचा समज झाला. विचारायला कोणी नव्हतं. तिनं आयुष्य संपवलं. (शरीराचा धडा आला की ‘हा घरी वाचून या’ म्हणणाऱ्या शिक्षकांबद्दल माझं मत फार कडक आहे. घरी कोण वाचतं? आणि घरी विचारलं तर उत्तर कोण देतं? असो.)

व्हारांच्या मनातून ती मुलगी गेली नाही. 1953 मध्ये ते लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये आले. आग लागली तर फोन करायला नंबर आहे, जीव नकोसा झाला तर का नसावा, हा त्यांचा साधा प्रश्न. लक्षात राहील असा नंबर हवा, म्हणून त्यांनी ‘मॅन 9000’ ठरवला. त्या भागाच्या एक्स्चेंजचं नाव मॅन्शन हाउस, म्हणून मॅन. पुढचं ते स्वतः रंगवून सांगत. चर्चमधूनच त्यांनी एक्स्चेंजला फोन लावला, म्हणाले, मला हा नंबर हवा आहे. ऑपरेटरनं विचारलं, तुम्ही कुठल्या नंबरवरून बोलताय? यांनी डबड्यावरची धूळ पुसली. खाली लिहिलं होतं, मॅन 9000!

2 नोव्हेंबर 1953 ला पहिला फोन आला. वर्तमानपत्रांत बातमी गेली आणि माणसं थेट चर्चच्या दारातही येऊ लागली. आलेल्या प्रत्येकाशी व्हारा एकटेच बोलणार, म्हणजे बाकीच्यांना ताटकळत बसणं आलंच. त्यांच्याजवळ बसायला काही स्वयंसेवक होते. शिकलेले समुपदेशक नव्हेत, साधी माणसं. ती चहा करून द्यायची, शेजारी बसायची, ऐकायची. हळूहळू व्हारांच्या लक्षात आलं, की चहा पिता पिता मन मोकळं करून बरेचजण निघून जातात, त्यांना आता पाद्र्याची गरजच उरत नाही. आपला मोठेपणा बाजूला ठेवणं सोपं नसतं, पण त्यांनी ठेवला. फेब्रुवारी 1954 मध्ये फोन स्वयंसेवकांच्या हाती दिला. अशी फोनवर ऐकून घेणारी ‘समॅरिटन्स’ संस्था उभी राहिली.

पुढे ऑस्ट्रेलियात 1963 ला, जपानमध्ये 1971 ला अशा सेवा निघाल्या. आपल्याकडे चेन्नईत 1986 ला ‘स्नेहा’ सुरू झाली. अमेरिकेनं जुलै 2022 पासून तीनच आकडी नंबर केला, 988. आपलं टेलिमानस त्याच वर्षी, 10 ऑक्टोबरला आलं.

आता घरातलं कोणी गप्प झालं असेल, ‘माझ्यावाचून तुमचं बरं चालेल’ असं बोलत असेल, तर सरळ विचारा: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. पुन्हा सांगतो, शिरत नाही. उलट दडपण उतरतं. उत्तर ‘हो’ आलं तर दोन चुका हमखास होतात. एक, लगेच उपदेश: ‘अरे, लोकांना तुझ्यापेक्षा किती दुःख असतं!’ दुसरी, ‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ. शपथ घेऊ नका, मदत आणताना तीच आड येते.

त्यांना एकटं सोडू नका. गोळ्या, शेतीची औषधं कुलपात टाका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. ही लाट बहुतेकदा ओसरते, तेवढा वेळ हातात मिळाला पाहिजे. तुम्ही स्वतःही 14416 ला फोन करून, आमच्या माणसाचं असं चाललंय, काय करू, असं विचारू शकता. दहा बाय दहाच्या खोलीत बोलता येत नसेल तर गच्चीवर जा. लाइन व्यस्त लागली तर पुन्हा लावा. त्याचा अर्थ ‘तुमची गरज नाही’ असा नव्हे.

काही करून बसलं असेल, तर मात्र हेल्पलाइन नको. थेट 108 किंवा 112. पोलिसांच्या भीतीनं दवाखान्याला उशीर करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतं, गुन्हेगार नव्हे.

पंचांग तर सोलापुरातच छापलं जातं, घरोघरी असतं. त्याच्या मागच्या पानावर दूधवाल्याचा, गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला असतो ना? त्याच्याखाली लिहा. एक, चार, चार, एक, सहा.