लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस : सोलोला शब्द देणारे त्रिकूट

नमस्कार, श्रोतेहो. अमेरिकेतल्या जॅझ संगीतात १९५७ ते १९६२ अशी जेमतेम पाच वर्षे एकत्र गायलेल्या तीन कलावंतांविषयी आज बोलायचे आहे. डेव्ह लॅम्बर्ट, जॉन हेंड्रिक्स आणि ॲनी रॉस ही त्यांची नावे.

हार्मनीत गाणारे गट जॅझमध्ये आधीपासून होते. बॉसवेल भगिनी, मिल्स बंधू, फोर फ्रेशमेन हे सगळे आपापल्या परीने थोर. पण ठरलेली चाल, ठरलेले शब्द आणि तीन-चार आवाजांनी एकाच वेळी निरनिराळे स्वर लावून त्या चालीला आणलेली शोभा, असेच या गायनाचे स्वरूप बहुधा असे. आपल्या त्रिकुटाने हात घातला तो वादकांच्या सोलोला. मूळ चालीचा आधार घेऊन वादक त्या क्षणी जे सुचेल ते वाजवतो, ते रेकॉर्डवरून स्वर न् स्वर पाठ करायचे आणि प्रत्येक स्वराला अक्षर द्यायचे. या प्रकाराला व्होकलीज म्हणतात. आपल्या नाटककारांनी चिजांच्या चालींवर नाट्यपदे बांधली, हे आपल्याला ठाऊकच आहे. इथे मात्र एखाद्या गवयाने एका मैफलीत घेतलेल्या प्रत्येक आलापाला आणि तानेला अर्थपूर्ण शब्द बसवण्याइतके अवघड काम होते.

हा प्रकार रूढ करण्याचा मान एडी जेफरसन या गायकाला दिला जातो. सॅक्सोफोनवादक जेम्स मूडी याच्या एका सोलोवर त्याने लिहिलेले शब्द किंग प्लेझर या गायकाने ध्वनिमुद्रित केले आणि ते लोकप्रिय झाले. त्याच धर्तीवर काही लिहून दे, असे प्रेस्टिज या रेकॉर्ड कंपनीच्या बॉब वाइनस्टॉकने १९५२ साली ॲनी रॉसला सांगितले. वॉर्डेल ग्रे याच्या ‘ट्विस्टेड’ नावाच्या सॅक्सोफोनच्या रचनेवर तिने एका रात्रीत शब्द लिहिले. मनोविश्लेषकाने वेडी ठरवलेली बाई त्यात आपलीच बाजू ठणकावून मांडते. सॅक्सोफोन जिथे अचानक वरच्या पट्टीत उसळतो, तिथे त्या बाईचा आवाजही उसळतो, आणि हे स्वर मुळात शब्दांविना वाजले होते याचा ऐकणाऱ्याला विसर पडतो.

ॲनी रॉस जन्माने इंग्लंडची, रंगमंचावर वावरणाऱ्या स्कॉटिश कुटुंबातली. डेव्ह लॅम्बर्टने १९४५ सालीच जीन क्रूपाच्या वाद्यवृंदात बडी स्ट्यूअर्ट या गायकाबरोबर बीबॉपच्या, म्हणजे त्या काळच्या नव्या, वेगवान जॅझशैलीच्या, ढंगाचे निरर्थक अक्षरांचे गायन रेकॉर्डवर आणले होते, आणि वाद्यवृंदाची गुंतागुंतीची मांडणी कानाने टिपून आवाजांसाठी उतरवण्यात त्याचा हातखंडा होता. जॉन हेंड्रिक्स ओहायो राज्यातल्या टोलीडो गावात वाढला. थोर पियानोवादक आर्ट टेटम त्याच गावचा, आणि लहानपणी हेंड्रिक्स त्याच्याबरोबर गायला होता. पुढे त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, पण ओढा शब्दांकडे आणि गाण्याकडेच राहिला. त्याला नोटेशन वाचता येत नसे. या माणसाने शेकडो ओळी केवळ कानाच्या भरवशावर लिहिल्या, याचे मला फार अप्रूप वाटते.

पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदाच्या रचना आवाजांत बसवाव्यात, ही कल्पना लॅम्बर्ट आणि हेंड्रिक्स यांची. त्यांनी प्रथम स्टुडिओत नियमित गाणारे व्यावसायिक गायक जमवले. ते स्वर अचूक लावत, पण बेसीच्या संगीताचा स्विंग, म्हणजे ठेक्याच्या किंचित मागे रेलून चालण्याची ती ऐट, काही केल्या त्यांच्या गळ्यात उतरेना. त्यांना ती शिकवण्यासाठी ॲनी रॉसला बोलावले, तरी जमले नाही. अखेर निर्माता क्रीड टेलर याच्या साथीने तिघांनीच सगळे आवाज गायचे ठरवले. एक थर गाऊन टेपवर घ्यायचा, तो ऐकत त्यावर दुसरा चढवायचा, मग तिसरा, असे करत संपूर्ण वाद्यवृंद तीन गळ्यांतून उभा केला. साथीला फ्रेडी ग्रीनची गिटार, एडी जोन्सचा बास आणि सॉनी पेनचे ड्रम, म्हणजे बेसीचीच माणसे होती; पियानोवर फक्त बेसीऐवजी नॅट पिअर्स होता. या रेकॉर्डमध्ये बक क्लेटनचा ट्रम्पेटचा सोलो ॲनी रॉस ज्या धारदार, तरीही लवचिक आवाजात गाते, तो ऐकून मी दर वेळी थक्क होतो.

रंगमंचावर मात्र थर चढवता येत नाहीत. तीन गळे म्हणजे एका वेळी तीनच स्वर, त्यामुळे पाच-सहा वाद्यांच्या स्वरसमूहातून कोणते तीन ठेवले असता बाकीचे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतील, हे ठरवावे लागते. याच अडचणीतून त्यांची खरी शैली घडली, असे माझे मत आहे, आणि म्हणून पहिल्या रेकॉर्डपेक्षा १९५९ साली कोलंबिया कंपनीसाठी केलेले ध्वनिमुद्रण मला अधिक मोलाचे वाटते. त्यात बॉबी टिमन्सची ‘मोनिन’ ही रचना आहे. मुळात पियानोच्या प्रत्येक ओळीला इतर वाद्ये दोन स्वरांनी होकार देतात. हेंड्रिक्सने त्या दोन स्वरांना चर्चमधल्या भक्तांचा ‘होय, प्रभो’ असा होकार दिला आणि पियानोच्या ओळींत रोज सकाळी दुःखातच जागे होणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणे घातले. रचनेत दडलेले कृष्णवर्णीयांच्या चर्चचे वातावरण या शब्दांनी उघड झाले. लॅम्बर्टचा किंचित खरखरीत आवाज, हेंड्रिक्सचा चपळ, बोलका आवाज आणि रॉसची उंच, तीक्ष्ण फेक या तिन्ही गोष्टी एकमेकींत विरघळत नाहीत. गुळगुळीत एकजीवपणाचा मोह त्यांनी टाळला, आणि म्हणूनच प्रत्येक सोलो कोणा एका माणसाचे बोलणे वाटतो.

‘हाय फ्लाइंग’ या रेकॉर्डला १९६२ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने ॲनी रॉस गटातून बाहेर पडली. तिची जागा घेतली सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, योलांडे बावन हिने. १९६३ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात साडी नेसून गाणारी ही कोलंबोची मुलगी जॅझच्या इतिहासात फारशी आठवली जात नाही, याची खंत वाटते. इतक्या अवघड जागी, इतक्या कमी वेळात उभे राहणे सोपे नव्हते.

१९६४ साली गट संपला. दोन वर्षांनी कनेक्टिकटमध्ये महामार्गाच्या कडेला गाडीचे चाक बदलले जात असताना ट्रकच्या धडकेने लॅम्बर्टचा मृत्यू झाला. हेंड्रिक्स लिहीत राहिला. मॅनहॅटन ट्रान्सफर या चौघांच्या गटाने १९८५ साली ‘व्होकलीज’ नावाची रेकॉर्ड केली, ती पूर्णपणे त्याच्या शब्दांवर, आणि तिला ग्रॅमीची १२ नामांकने मिळाली. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि संगीत-संयोजक गिल एव्हान्स यांच्या ‘माइल्स अहेड’ या संपूर्ण रेकॉर्डला शब्द देण्याचे काम त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. ते पूर्ण झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या एका गायकवृंदाने न्यूयॉर्कला ते गायले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी हेंड्रिक्स गेला. ॲनी रॉस २०२० साली गेली.